पिनकोड ४४१८०१ आणि घरपोच वायदा

ऑनलाइन दुकानात वस्तूची किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि तिच्या खाली ‘मोफत घरपोच, गुरुवारपर्यंत’ असे आश्वासन असते. ग्राहक पैसे मोजतो ते या दोहोंसाठी, कारण तीच वस्तू गावच्या दुकानात थोडे जास्त देऊन आजच मिळत असली तरी ती सोडून तो गुरुवारची वाट पाहायला तयार होतो. म्हणून घरपोच देण्याचे आश्वासन हे विक्रेत्याचे सौजन्य नसून सौद्याचाच भाग असते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी या आश्वासनाची खरी कसोटी लागते.

गोरेगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. मुंबईचे उपनगर सर्वांना ठाऊक असते, पण रायगडच्या माणगाव तालुक्यात आणि हिंगोलीच्या सेनगाव तालुक्यातही एकेक गोरेगाव आहे. पत्ता भरण्याआधी दिसणारी तारीख एखाद्या महानगराला धरून दिलेली असू शकते. गोंदियाच्या गोरेगावचा ४४१८०१ हा पिनकोड टाकल्यावर ती पुढे सरकते, शुल्क वाढते किंवा ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. पिनकोड ही सहा आकडी पद्धत टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. तिच्यातील पहिला आकडा विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन टपाल कार्यालय दाखवतात. टपाल गावोगाव अचूक पोचावे म्हणून जो क्रमांक तयार झाला, तोच आज कुठे पोचायचे नाही हे ठरवण्यासाठीही वापरला जातो, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

आश्वासनातील पहिली मेख वेळ कुठून मोजायची, यात असते. ‘२४ तासांत रवानगी’ याचा अर्थ माल २४ तासांत विक्रेत्याच्या हातून सुटेल एवढाच असतो. तो घरी केव्हा येईल, याविषयी त्यात काहीच सांगितलेले नसते. ‘शिप्ड’ हा संदेशही कित्येकदा पत्त्याचे लेबल छापताच येतो, मग पार्सल उचलायला कुरिअरचा माणूस आलेला असो वा नसो. त्यानंतर भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामातून निघालेल्या पार्सलला सुमारे हजार किलोमीटर अंतर कापायचे असते, वाटेत एकदोन केंद्रांवर त्याची छाननी व्हायची असते आणि गोंदियाहून पुढे गोरेगावची गाडी भरण्याइतके सामान जमायचे असते. हा शेवटचा टप्पा अंतराने सर्वांत लहान असला तरी दर पार्सलमागे तोच महाग पडतो, आणि उशीरही बहुधा तिथेच होतो. ‘पाच कामकाजाचे दिवस’ असे लिहिले असेल तर रविवार आणि सणांच्या सुट्या त्यात धरल्या जात नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर पाचाचे आठ दिवस सहज होतात.

या उशिराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. धानावर तुडतुडा पडल्यावर मागवलेला फवारणीचा पंप पंधरवड्याने आला, तर पंप कितीही चांगला असला तरी त्या हंगामापुरता तो निरुपयोगी असतो. त्याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे कोणी दारात आलेले नसताना ‘ग्राहक उपलब्ध नव्हता’ अशी नोंद होणे, कारण त्या एका नोंदीने उशिराचा दोष कंपनीकडून ग्राहकावर ढकलला जातो.

दुसरी मेख ‘मोफत’ या दाव्यात असते. मराठी पुस्तकांच्या आणि औषधांच्या जुन्या जाहिरातींत किमतीपुढे ‘ट. ह. निराळे’ असे छापलेले असे, म्हणजे टपालहशील, पार्सल पाठवण्याचा खर्च, वेगळा द्यावा लागेल. आजच्या मोफत पोचवणीतही खर्च कोणाला तरी करावाच लागतो. तो किमतीत मिसळलेला असतो, ठरावीक रकमेच्या खरेदीची अट घालून वसूल होतो किंवा पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर ‘हाताळणी’, ‘सुविधा’, ‘रोखीने देण्याचे शुल्क’ अशा नावांनी उगवतो. समजा, ४४९ रुपयांची वस्तू निवडली आणि ४९९ रुपयांवर पोचवणी मोफत असेल, तर पोचवणीचे चाळीस रुपये वाचवण्यासाठी साठ रुपयांची नको असलेली वस्तू टोपलीत पडते. ही अट आधीच स्पष्ट सांगितली असेल तर तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण शुल्क शेवटच्या पानापर्यंत लपवणे आणि ग्राहकाला न विचारता टोपलीत भर घालणे हे दोन्ही प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या तेरा ‘डार्क पॅटर्न’मध्ये, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या पडद्यावरील मांडणीच्या प्रकारांमध्ये, मोडतात.

कायदा याबाबतीत समजला जातो तितका दुबळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जुलै २०२० मध्ये आलेल्या ई-कॉमर्स नियमांनुसार, सांगितलेल्या वेळापत्रकापेक्षा माल उशिरा आला तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. अपवाद फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणांचा. पोचवणीच्या शुल्कासह एकूण किंमत एका आकड्यात, तपशिलासह दाखवणेही विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तारखेआधी ‘अंदाजे’ असे लिहून कंपन्या पळवाट ठेवू पाहतात, परंतु ज्या अंदाजाच्या जोरावर माल विकला जातो त्याला पुरेसा आधार असला पाहिजे. अमेरिकेत टपालाने माल विकणाऱ्यांसाठी १९७५ पासून नेमका असाच नियम आहे, आणि त्याच्या भंगाच्या आरोपावरून फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीला २०२० मध्ये ९३ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. भारतातील जवळचे उदाहरण मालाचे नसून प्रवासाचे आहे: ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये’ अशी जाहिरात करणाऱ्या रॅपिडोला प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये दहा लाखांचा दंड केला, कारण ते पन्नास रुपये प्रत्यक्षात ‘पन्नासपर्यंत’ होते, रोख नव्हते आणि सात दिवसांतच वापरावे लागत.

त्यामुळे ग्राहकाने पैसे भरण्यापूर्वीच स्वतःचा पिनकोड टाकून दिसलेली तारीख आणि एकूण रक्कम यांचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे, कारण नंतर तेच पान बदललेले असू शकते. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी. तिची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात मिळायला हवे. तेथे दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळुरूचा, २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे गोरेगावकराला गोंदियाच्या जिल्हा आयोगात, दोन वर्षांच्या आत दावा दाखल करता येतो, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला कोणतेही शुल्क भरावे लागत नाही.