आईच्या ताटातली चव

गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की गप्पा हमखास पोरांच्या खाण्यावर येतात. “भाजीला तोंड लावत नाही, पाकिटातला खाऊ मात्र बरोबर मागतो,” ही तक्रार आम्ही गावोगाव ऐकतो. या आवडीनिवडीची सुरुवात बाळाच्या पहिल्या घासाच्याही आधी होते, आई गरोदर असतानाच.

पोटातलं बाळ ज्या पाण्यात असतं, ते पाणी ते थोडं थोडं गिळत असतं. आईनं खाल्लेल्या लसणाचा वास त्या पाण्यात उतरतो. पुढे तो अंगावरच्या दुधातही येतो. म्हणजे आईच्या जेवणाप्रमाणे दुधाची चव थोडी थोडी बदलते. डब्याच्या दुधाची चव रोज एकच.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी हे गाजरावर तपासलं. काही बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, काहींनी अंगावर पाजत असताना गाजराचा रस प्यायला, आठवड्यातून चार दिवस, तीन आठवडे. काहींनी नुसतं पाणी प्यायलं. बाळं वरचं खाऊ लागली तेव्हा त्यांना गाजराच्या चवीची पेज दिली. रस प्यायलेल्या आयांच्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. हा अभ्यास २००१ साली छापून आला.

आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे, डिंकाचे, अळिवाचे लाडू देतात, बाळंतशेपा चावायला देतात. छानच आहे. पण काही घरांत हिरवी भाजी, फळं बंद करून महिनाभर नुसत्या तूपभातावर ठेवतात, का तर बाळाला बाधेल. आम्हाला हे पटत नाही. एखाद्या पदार्थानं बाळाला खरंच त्रास होतोय असं वाटलं तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारून तेवढाच थांबवावा. सगळं ताट का रिकामं करायचं?

आणि ते ताट भरतं तरी कधी? सगळ्यांची जेवणं झाल्यावर सूनबाई बसते तेव्हा भाजीचं पातेलं खरवडलेलं असतं. चटणी-भाकरीवर दिवस काढणारीला पोषणही नाही आणि बाळापर्यंत पोचायला चवीही नाहीत. त्यामुळे पोरगं भाजी खात नाही याचा दोष एकट्या आईवर टाकू नका. गटातल्या सासवांनो, हे तुमच्यासाठी आहे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. डबा घरी नेला की तो वाटला जातो. तिथंच बसून जेवलं की तिच्या पोटात जातं.

जाता जाता मिश्रीचं सांगतो. तंबाखूतलं निकोटिनही पोटातल्या बाळापर्यंत आणि दुधात पोचतं. या काळात मिश्री बंदच हवी.

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध. मग वरचं सुरू करताना घरातलीच भाजी शिजवून, मऊ कुस्करून द्या. पहिल्या दिवशी बाळ थुंकेल. जबरदस्ती नको, दोन दिवसांनी तीच भाजी पुन्हा चमचाभर द्या. आठ-दहा वेळा द्यावी लागली तरी चालेल. बऱ्याच घरांत दुसऱ्याच दिवशी “याला पालक आवडत नाही” असं ठरवून बिस्किटाचा पुडा फोडतात.