हुशार मुलाचं कौतुक: कोणती म्हण कुठे

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात एमआयडीसी असल्याने बाहेरून आलेली कुटुंबंही शेजारपाजारी असतात. शेजारच्या पोराने गणपतीत अथर्वशीर्ष न अडखळता म्हटलं की कौतुक करावंसं वाटतं. पण म्हण चुकली तर कौतुकाचा टोमणा होतो.

आधी मुलाने नेमकं काय केलं ते बघावं. एकदा ऐकून पाठ झालं, तर तो ‘एकपाठी’. समजलं किती, हे त्यात येत नाही. त्यासाठी कॅन्टोनीज बोलणारे लोक ‘एक ऐकून दहा जाणणारा’ म्हणतात. हे मूळचे कन्फ्यूशियसच्या झिगोंग या शिष्याने यान हुई या सहाध्यायाबद्दल काढलेले उद्गार. त्यात दाद आकलनाला आहे. चटकन उत्तर देणारं पोर ‘हजरजबाबी’, आणि अंगाने-डोक्याने चपळ असेल तर ‘चुणचुणीत’.

मग वय आणि ऐकणारा बघावा. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ हे लहान मुलाबद्दल, त्याच्या आईवडिलांपाशी किंवा आजीपाशी बोलायचं. मात्र खोडकर पोरालाही हीच म्हण लावतात, म्हणून आधी त्याचा गुण सांगावा. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ बक्षीस समारंभात शोभते. उंचीवरून चिडवल्या जाणाऱ्या मुलाला ती बोचते. ‘बापसे बेटा सवाई’ म्हणायचं तर बापही त्या कामात तरबेज हवा, नाहीतर त्याचाच पाणउतारा.

सर्वांत जपून वापरावा तो ‘शहाणा’. ‘शहाणं गं माझं बाळ’ म्हणजे माया. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ म्हणजे दटावणी. ‘दीडशहाणा’ आणि ‘अतिशहाणा त्याचा बैल रिकामा’ यांत तर कौतुक औषधालाही नाही. फार वाखाणलं तर शेवटी ‘कुणाची दृष्ट न लागो’ जोडावं. काही घरांत मग आजी मीठ-मोहऱ्या ओवाळतेच.

या बहुतेक शब्दांत दाद मिळते ती उपजत बुद्धीला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या 1998 च्या अभ्यासात ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे अवघड कोड्यांत अडली तेव्हा लवकर खचली; मेहनतीची दाद मिळालेली चिकाटीने झटत राहिली. म्हणून म्हणी मोठ्यांपाशी बोलाव्यात. मुलाला सांगावं, ‘तीनदा चुकलं तरी सोडलं नाहीस, कष्टाचं चीज झालं.’