अर्धा व्यापार

पळस्पे फाट्यावर उभं राहिलं की चहूबाजूंनी प्लॉटच्या जाहिराती अंगावर येतात. आमच्या घरी मात्र मुंबई, दिल्ली, कलकत्ता हे सगळं एका खोक्यात होतं. आणि खोकं माळ्यावर.

गेल्या मे महिन्यात आमचं जुनं घर उतरवायला घेतलं. ट्रंक भंगारवाल्याच्या तराजूवर चढलीच होती, तेवढ्यात मी सहज झाकण उघडलं. आत सारीपाटाचं कापड (एक पट्टी कसरीने खाल्लेली), कवड्यांची थैली, पत्त्यांचे दोन कॅट आणि खाली ‘व्यापार’चा पट. ‘‘रद्दीच्या भावात जाऊ दे की,’’ बाबा म्हणाले. मी ट्रंक खाली उतरवली. आज माझ्याकडे चौदा खेळ आहेत आणि आईच्या मते चौदा पसारे.

हे वेड लागलं की आधी खोकं वाचायला शिकावं लागतं. जुन्या खेळांवर साल क्वचितच छापलेलं असतं. मग किंमत बघायची. ती आण्यांत असेल तर खेळ साधारण १९५७च्या आधीचा, कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘नवे पैसे’ आले. बनवणाऱ्याच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर खोकं १९७२ नंतरचं. खेळाच्या पत्त्यांपेक्षा खोक्यावरचाच पत्ता जास्त बोलतो! आणि दोन गोष्टी चुकूनही करू नका. फाटलेल्या पटाला सेलोटेप लावायची नाही आणि कॅटला रबरबँड घालायचं नाही. आपल्याकडच्या दमट हवेत ते वितळतं आणि वरच्या-खालच्या पानाला कायमचं चिकटून बसतं.

माझ्याकडे नसलेल्या आणि बहुतेक कधीच न येणाऱ्या खेळाचं नाव गंजिफा. आमच्या फाट्यावरून गोव्याकडे फुटणारा रस्ता सावंतवाडीकडे जातो. तिथल्या राजवाड्यात हे गोल पत्ते आजही हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफात १२० पानं असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक ते दहा. गंमत पुढे आहे. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या पाचांत बरोब्बर उलटं. दिवसा डाव रामाच्या राजाने उघडायचा, रात्री कृष्णाच्या. कॉलेजच्या कट्ट्यावर मेंढीकोट खेळताना हुकूम विसरणाऱ्या आमच्या ग्रुपचं इथे काय झालं असतं, विचारू नका.

ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. रंगवणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. १९७०च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली. पण लोक गंजिफा विकत घेतात ते बहुतेक भिंतीवर लावायला. खेळणारे फार थोडे. संग्रह करणाऱ्यांचं हेच दुखणं आहे. वस्तू मिळते, ती खेळायची कशी हे सांगणारं माणूस मिळत नाही. म्हणून मी आता खेळ घेताना देणाऱ्याला फोनवर नियम बोलायला लावते आणि रेकॉर्ड करते. एका आजींनी सारीपाटाचे नियम सांगता सांगता त्यांच्या नणंदेने केलेली लबाडीही सांगितली. तीही जपून ठेवली आहे.

आता आमचा व्यापार. अमेरिकेत लिझी मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये अशाच एका खेळाचं पेटंट घेतलं. भाडं खाऊन जमीनमालक कसे गब्बर होतात हे लोकांना दिसावं, हा त्यांचा हेतू होता. त्यातूनच पुढे मोनोपॉली आला आणि मोनोपॉलीवरून आपला व्यापार. आमच्या खोक्यात पट होता, फासे होते. नोटा आणि जागांची कार्डं मात्र नव्हती. आजोबांना विचारलं तर म्हणाले, ‘‘वाटणीत तिकडे गेली.’’

तिकडे म्हणजे पनवेलला, त्यांच्या धाकट्या भावाकडे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, कपाटं आणि रागारागात हा खेळसुद्धा निम्मा-निम्मा झाला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. तेव्हापासून दोघं लग्नाकार्यात एका मांडवात बसतात, पण बोलत नाहीत.

मी रिक्षा केली आणि गेले. चुलत आजोबांनी कपाटातून एक पुडकं काढलं. नोटांना रबरबँड. वितळलेलंच. वरची शंभराची नोट सोलली तर मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘दादा – देणे २२००’. अक्षर त्यांचंच.

‘‘संग्रहाला देणार नाही,’’ ते म्हणाले. ‘‘खेळायला देतो. त्याला रविवारी पट घेऊन यायला सांग.’’

घरी येऊन निरोप दिला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बावीसशे? अठराशे होते. लबाड आहे तो.’’

शनिवारी रात्री पट पुसून त्यांनी तो स्वतःच पिशवीत भरला.