थेट प्रक्षेपणाचें एन्कोडर-यंत्र : त्याची मांडणी व जोडणी

प्रात्यक्षिकास हजर राहतां आलें नाहीं, ही आपल्या सभासदांची नेहमींची तक्रार असते, व ती खोटी नाहीं. द्राक्षाची छाटणी एका भागांत सर्वांची एकाच सुमारास येते. ज्याच्या बागेंत मजूर लागलेले आहेत त्यानें ते सोडून दुसऱ्याची बाग पाहावयास दूर जावें कसें ? यास्तव गेल्या आश्विनांत फळछाटणीचें प्रात्यक्षिक मळ्यांतूनच इंटरनेटवर थेट दाखवावें असें आम्हीं ठरविलें, व त्यासाठीं एन्कोडर नांवाचें यंत्र विकत घेतलें. तो बेत पहिल्या खेपेस साफ फसला. दुसऱ्या खेपेस साधला. दोन्ही वेळचा अनुभव वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिल्या वेळीं दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. आदल्या दिवशीं बागेंत उभें राहून अपलोडचा, म्हणजे जावकीचा, वेग मोजला, तो सेकंदास १२ मेगाबिट भरला. त्यावर विसंबून आम्हीं यंत्र ६ मेगाबिटांवर लावलें. प्रात्यक्षिकाच्या दिवशीं दोनशें मंडळी जमली. प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल, आणि सर्वांचा टॉवर एकच. जावक दोन मेगाबिटांवर आली. काडीची जाडी पाहून कात्री कोणत्या डोळ्यावर चालवावी हें तज्ज्ञ सांगूं लागले, आणि नेमकें त्याच वेळीं घरीं बसलेल्यांचें चित्र गोठलें. एका सभासदानें अर्धवट पाहिलेल्यावरून आपल्या चार ओळी आंखूड छाटल्या; त्या ओळींत घड फारच थोडे निघाले. छाटणीची चूक त्या हंगामांत भरून काढतां येत नाहीं, हें द्राक्ष बागाईतदारांस सांगावयास नको.

यंत्र काय करतें ?

पूर्ण आकाराच्या एका चित्रांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट लागतात, व सेकंदास २५ चित्रें धरलीं तर दर सेकंदास सुमारें १२४ कोटी बिट होतात. इतका भार वाहणारी इंटरनेटची जोडणी खेड्यांत मिळणें शक्य नाहीं. एन्कोडर हा भार दाबून लहान करतो. वेल, तारा व आकाश जेथल्या तेथें असतात. हलतात ते हात व कात्री. यंत्र मधूनमधून एक संपूर्ण चित्र पाठवितें व दरम्यान मुख्यत्वें बदललेला भाग तेवढा पाठवितें. अशा रीतीनें १२४ कोटींचे ४० लाख, म्हणजे सुमारें तीनशेंवा हिस्सा होतो. या दाबण्याची एच.२६४ ही रीत २००३ सालीं ठरली, व आज बहुतेक सर्व मोबाइल व संकेतस्थळें ती मानतात. २०१३ सालची एच.२६५ ही रीत तितकेंच चांगलें चित्र जवळजवळ निम्म्या भारांत देते. परंतु ती सर्वत्र स्वीकारली जात नाहीं. नवख्यानें एच.२६४ पासूनच आरंभ करावा.

हेंच काम संगणकावरही होतें. मात्र संगणक उन्हांत तापतो, ऐन वेळीं दुसऱ्याच कामास लागतो, व त्यास वीजही अधिक लागते. एन्कोडर एवढें एकच काम करतो व पिशवींत मावतो. तरी तोही सावलींतच, हवा खेळेल असा ठेवावा.

जोडणी

प्रथम कॅमेरा. त्याच्या पडद्यावरील अक्षरें व चिन्हें बाहेर जाणाऱ्या चित्रांत उमटणार नाहींत अशी योजना करावी, व कांहीं वेळानें आपोआप बंद होण्याची त्याची सोय काढून टाकावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळें सेकंदास २५ चित्रें व शटर एक-पन्नासांश ठेवावें, म्हणजे गोदामांतील दिव्यांखालीं चित्र लुकलुकत नाहीं.

कॅमेऱ्यापासून यंत्रापर्यंत एचडीएमआय केबल चालते. परंतु साधी केबल दहा-पंधरा मीटरांपलीकडे भरंवशाची नाहीं. अंतर जास्त असल्यास एसडीआयचा कॅमेरा व यंत्र घ्यावें. त्याची चांगली केबल शंभर मीटरांच्या आसपास पोंचते.

आवाजाकडे दुर्लक्ष करूं नये. चित्र थोडें अंधुक असलें तरी पाहणारा सोशीकपणें बसतो. शब्द कळेनासे झाले म्हणजे उठून जातो. तज्ज्ञांच्या सदऱ्यास लहान माइक लावून त्यावर वाऱ्याचें आवरण चढवावें, व तो आवाज कॅमेऱ्यांतूनच यंत्राकडे न्यावा. म्हणजे ओठ व शब्द जुळतात.

यंत्रापासून राउटरपर्यंत वायफाय न वापरतां लॅनची केबल टाकावी. ही तांब्याची केबल शंभर मीटरांपर्यंत चालते. राउटरचा परवलीचा शब्द जमलेल्या मंडळींस सांगूं नये. संकोच वाटला तरी सांगूं नये.

यंत्रांत भरावयाचे आंकडे

राउटरशीं जोडल्यावर यंत्रास एक आयपी पत्ता मिळतो. त्याच राउटरवरील संगणकाच्या ब्राउजरमध्यें तो पत्ता लिहिला असतां यंत्राचें पान उघडतें. कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द तेथें सर्वांत आधीं बदलावा. नंतर चित्राचा आकार, बिटरेट व आवाज हे ठरवावे. संपूर्ण चित्र दर दोन सेकंदांस एकदां जावें असें लावावें. बिटरेट स्थिर ठेवावा. आवाजास एएसी रीतीनें १२८ किलोबिट पुरेसे होतात.

यूट्यूबसारखें स्थळ आपल्याला दोन गोष्टी देतें : आरटीएमपीनें आरंभ होणारा पत्ता, व स्ट्रीम की. या दोन्ही यंत्रांत जशाच्या तशा उतरवाव्या. ही की म्हणजे कोठाराची किल्ली होय. ती ज्याच्या हातीं लागेल तो आपल्या संस्थेच्या नांवावर वाटेल तें दाखवूं शकेल. तिचें छायाचित्र गटावर पाठविण्याची चूक कोणीही करूं नये. यूट्यूबवर प्रथमच थेट प्रक्षेपण सुरू करावयाचें असल्यास परवानगी लागू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ जाऊं शकतो. सबब ही तजवीज आदल्या आठवड्यांतच करावी.

विहिरीचा झरा पाहून पंप

आतां मुख्य गोष्ट. विहिरीस झरा किती आहे हें न पाहतां मोठा पंप बसविणाऱ्याची जी गत होते, तीच आमची झाली. आमची चूक वेग मोजण्यांत नव्हती. ती एकदांच व रिकाम्या बागेंत मोजण्यांत होती. जावक त्याच जागीं, त्याच प्रहरीं, निदान तीन दिवस मोजावी, व सर्वांत कमी भरलेल्या आंकड्याच्या निम्म्याहून अधिक बिटरेट लावूं नये. जावक पांच मेगाबिट असेल तर अडीच लावावा व चित्राचा आकार १२८० गुणिले ७२० ठेवावा. कात्री व डोळा त्यांत स्वच्छ दिसतात. अडीच मेगाबिटांनीं दोन तासांस सुमारें सवादोन जीबी खर्च होतात, तेवढा डेटा शिल्लक आहे कीं नाहीं हेंही पाहावें. आणि गर्दी जमणार असेल तर सिमकार्डावर न विसंबणें हेंच उत्तम.

चैत्रांतील खरड छाटणीच्या वेळीं आम्हीं हेंच केलें. ज्या मळ्यांतील घरास फायबरची तार आलेली होती तोच मळा निवडला, व घरापासून शंभर मीटरांच्या आंतील ओळी प्रात्यक्षिकासाठीं राखल्या. कॅमेरा, यंत्र व राउटर यांस बॅटरीवरील इन्व्हर्टर दिला. कारण मळ्यांतील वीज कोणत्या क्षणीं जाईल याचा नेम नाहीं. आदल्या दिवशीं कोणास न दिसेल असें खासगी प्रक्षेपण पाऊण तास चालवून पाहिलें. दूरच्या दोन गांवीं एकेक सभासद बसविला, व चित्र दिसतें काय, आवाज येतो काय, हें फोनवरून विचारीत राहिलों. तसेंच यंत्रांत मेमरी कार्ड घालून सर्व प्रात्यक्षिक त्यावर उतरवून घेतलें. तार तुटली तरी कार्डावरचें चित्र शाबूत राहतें. आश्विनांत एवढें एक कार्ड घातलें असतें, तर त्याच सायंकाळीं गोठलेला भाग पुन्हां दाखवितां आला असता, व त्या चार ओळीही वांचल्या असत्या.

प्रश्नोत्तरांविषयीं एक सूचना आहे. मळ्यांत घडलेली गोष्ट घरीं पाहणाऱ्यास दहा ते तीस सेकंद उशिरां दिसते. म्हणून "कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय ?" असें म्हटल्यावर तज्ज्ञांनीं निदान अर्धा मिनिट थांबावें, नाहींतर दूरच्या सभासदाचा प्रश्न येईपर्यंत पुढील वेलीवर कात्री चाललेली असते.

ज्याच्या चार ओळी बिघडल्या होत्या, ते सभासद चैत्रांतील प्रात्यक्षिक आरंभापासून अखेरपर्यंत घरीं बसून पाहात होते. दुसऱ्या दिवशीं त्यांचा फोन आला. त्यांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. कात्री लावण्यापूर्वीं एक शंका होती, तेवढी विचारून घेतली. ज्याच्या भरंवशावर कोणी आपल्या बागेंत कात्री चालवितो, त्यानें तें दाखविणें अर्धवट राहूं देतां कामा नये. ज्या गांवच्या मंडळांस असें यंत्र घ्यावयाचें असेल त्यांनीं यंत्राच्या किंमतीची चौकशी मागाहून करावी, व आपल्या मळ्यांतील जावक मोजण्यास उद्यांपासून आरंभ करावा, एवढीच आमची विनंती आहे.