पंचांच्या नजरेखालची चाल : रॉबर्ट कोझेन्योफ्स्की

ऑलिम्पिकचे मैदान : लेखांक ९

ॲथलेटिक्समधील बहुतेक शर्यतींचा निकाल अंतिम रेषा आणि घड्याळ मिळून लावतात. चालण्याच्या शर्यतीत मात्र पंचांचे मतही तितकेच निर्णायक असते, आणि रेषा सर्वांत आधी ओलांडणारा स्पर्धकच विजेता ठरेल अशी खात्री त्या क्षणी देता येत नाही. पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योफ्स्की याने या शर्यतीत १९९६ ते २००४ या काळात तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून चार सुवर्णपदके जिंकली. त्यामागे त्याचा वेग आणि दम होताच. पण पंचांना बोट ठेवायला जागा सापडू नये इतकी स्वच्छ चाल त्याने घडवली, आणि त्याच्या यशातील मोठा वाटा या चालीचा आहे, हे त्याची कारकीर्द क्रमाने पाहिल्यास ध्यानात येते.

त्यासाठी आधी नियम समजून घेणे आवश्यक आहे. चालण्याच्या अधिकृत व्याख्येत दोन अटी आहेत. स्पर्धकाचे एक तरी पाऊल सतत जमिनीला टेकलेले असले पाहिजे, म्हणजे मागचा चवडा उचलला जाण्यापूर्वी पुढची टाच टेकलेली असली पाहिजे, ही पहिली अट. आणि पुढे टाकलेला पाय जमिनीला लागल्या क्षणापासून शरीर त्या पायावर सरळ उभे येईपर्यंत तो गुडघ्यात वाकता कामा नये, ही दुसरी. दुसऱ्या अटीला हे कडक रूप १९९५ मध्ये मिळाले. त्यापूर्वी शरीर पायावर उभे येते त्या क्षणी गुडघा ताठ असला म्हणजे पुरत असे. पहिल्या अटीत एक महत्त्वाची पुस्ती आहे: पाऊल जमिनीपासून सुटणे हे माणसाच्या डोळ्याला दिसले तरच तो दोष मानला जातो. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात अव्वल स्पर्धकांची दोन्ही पावले सेकंदाच्या काही शतांश भागापुरती हवेत असल्याचे आढळते, आणि त्यावरून हा खेळ म्हणजे नियमाची उघड पायमल्ली आहे, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप टिकणारा नाही. नियमाने निकष म्हणून डोळाच निवडला आहे, कॅमेरा नव्हे. तो निकष सर्वांना सारखा लागू आहे आणि स्पर्धकांना तो आधीपासून ठाऊक असतो.

ही शर्यत साधारणतः एक ते दोन किलोमीटरच्या वळसा मार्गावर होते आणि मार्गाच्या कडेने सहा ते नऊ पंच उभे असतात. चाल संशयास्पद वाटली की पंच पिवळा फलक दाखवून ताकीद देतो. त्या फलकावर पाऊल सुटत असल्यास नागमोडी रेघ आणि गुडघा वाकत असल्यास कोनाची खूण असते. दोष स्पष्ट दिसला तर तो लाल कार्ड भरून मुख्य पंचाकडे पाठवतो, आणि कोझेन्योफ्स्कीच्या काळात तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे जमली की स्पर्धक अपात्र ठरत असे. दोन किलोमीटरच्या वळशावर ५० किलोमीटर चालायचे म्हणजे २५ फेऱ्या. पंच सहाच धरले, तरी प्रत्येक स्पर्धकाची चाल किमान दीडशे वेळा पारखली जाते, आणि त्यांतील उत्तरार्धाच्या फेऱ्या थकलेल्या शरीराने, भरून आलेल्या पोटऱ्यांनी काढायच्या असतात.

या चालीतील कंबरेची हालचाल पाहून नवख्या प्रेक्षकाला हसू येते, पण ती नियमातूनच जन्मली आहे. उडी घेता येत नाही आणि गुडघा मुडपता येत नाही, म्हणून पावलाची लांबी वाढवण्यासाठी कंबरेचे हाडच पायाबरोबर पुढे फिरवावे लागते, आणि त्यामुळे दोन्ही पावले जवळजवळ एकाच रेषेवर पडतात. कोपरात काटकोनात वाकवलेले हात उलट दिशेने हलून धडाचा तोल राखतात. चवडा वर उचलून टाच टेकवायची असल्याने नडगीच्या पुढच्या स्नायूवर सतत ताण येतो, आणि मिनिटाला सुमारे दोनशे पावले पडत असताना तो ताण तासन्‌तास सोसावा लागतो.

कोझेन्योफ्स्कीचा जन्म ३० जुलै १९६८ रोजी आग्नेय पोलंडमधील लुबाचूफ या लहान गावी झाला आणि कातोवित्से येथील शारीरिक शिक्षण अकादमीत त्याने पदवी घेतली. त्याच्या कारकिर्दीला वळण देणारा प्रसंग पदकाचा नव्हे, अपात्रतेचा आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधील ५० किलोमीटर शर्यतीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता आणि शेवटचे अंतर तेवढे उरले होते. अशा वेळी स्टेडियमच्या तोंडाशी त्याला बाद करण्यात आले आणि हाताशी आलेले रौप्यपदक गेले. असा घाव बसलेला खेळाडू पंचांना दोष देत राहिला असता तर नवल नव्हते. त्याने चाल दुरुस्त करण्याचा मार्ग धरला. नव्वदच्या दशकात उत्तर फ्रान्समधील तुर्कुआँ येथे राहून त्याने सराव केला, आणि १९९५ मध्ये गुडघ्याचा नियम कडक झाला त्याच वर्षी गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. पुढच्या वर्षी अटलांटा येथे ३ तास ४३ मिनिटे ३० सेकंदांत ५० किलोमीटर पूर्ण करून त्याने रशियाच्या मिखाईल श्चेन्निकोफ याला अवघ्या १६ सेकंदांनी मागे टाकले आणि पहिले ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले.

२००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये या खेळाचे सारे नाट्य एका आठवड्यात पाहायला मिळाले. २२ सप्टेंबरला २० किलोमीटरच्या शर्यतीत मेक्सिकोचा बेर्नार्दो सेगुरा सर्वांत आधी रेषेपार गेला, आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो दूरध्वनीवरून त्याचे अभिनंदन करत असतानाच तिसऱ्या लाल कार्डामुळे तो अपात्र ठरल्याचे त्याला सांगण्यात आले. सुवर्णपदक कोझेन्योफ्स्कीकडे गेले. त्याची वेळ १ तास १८ मिनिटे ५९ सेकंद होती. हा विजय दैवाने पदरात टाकला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याच वेगाने, त्याच पंचांसमोर चालून त्याने आपली चाल शाबूत राखली होती. २८ सप्टेंबरला महिलांच्या २० किलोमीटर शर्यतीत आघाडीवर असताना तिघी जणी एकापाठोपाठ बाद झाल्या. त्यांतील ऑस्ट्रेलियाच्या जेन सॅव्हिल हिला तर मायदेशातील प्रेक्षकांनी भरलेले स्टेडियम समोर दिसत असताना बाद झाल्याचा लाल फलक पाहावा लागला. पंच किती काटेकोर आहेत हे सर्वांना कळून चुकले होते, आणि दुसऱ्याच दिवशी कोझेन्योफ्स्की ५० किलोमीटरसाठी उभा राहिला. ३ तास ४२ मिनिटे २२ सेकंदांत त्याने तीही शर्यत जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये चालण्याच्या २० आणि ५० किलोमीटर अशा दोन्ही शर्यती जिंकणारा तो पहिला खेळाडू ठरला.

२००२ मध्ये म्युनिच येथील युरोपीय स्पर्धेत आणि २००३ मध्ये पॅरिस येथील जागतिक स्पर्धेत त्याने ५० किलोमीटरचा विश्वविक्रम नोंदवला. पॅरिसची वेळ होती ३ तास ३६ मिनिटे ३ सेकंद, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे १९ सेकंद. मागील लेखांकात मॅरेथॉनचा विचार झाला आहे. या वेगाने मॅरेथॉनचे अंतर सुमारे ३ तास २ मिनिटांत संपते, आणि हौशी मॅरेथॉनपटूंपैकी बहुतेकांना धावूनही तेवढा वेग राखता येत नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने ३ तास ३८ मिनिटे ४६ सेकंदांत चौथे सुवर्णपदक मिळवले. दुसरा आलेला रशियाचा देनिस निझेगोरोदोफ चार मिनिटांहून अधिक मागे होता आणि झोकांड्या खातच रेषेपर्यंत पोहोचला. त्यानंतर कोझेन्योफ्स्की स्पर्धेतून निवृत्त झाला आणि पुढे काही वर्षे त्याने पोलिश सरकारी दूरचित्रवाणीच्या क्रीडा विभागाचे प्रमुखपद सांभाळले.

५० किलोमीटर चालण्याची शर्यत १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुरू झाली, ती केवळ पुरुषांसाठी. स्त्री-पुरुषांच्या क्रीडाप्रकारांची संख्या समान करण्याच्या धोरणात ती वगळण्यात आली आणि २०२१ मध्ये साप्पोरो येथे, टोकियो ऑलिम्पिकचा भाग म्हणून, अखेरची झाली; ती पोलंडच्याच दाविद तोमाला याने जिंकली. महिलांसाठीही ५० किलोमीटरची शर्यत सुरू करून समानता साधता आली असती. तसे झाले नाही, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिच्या जागी मिश्र सांघिक शर्यत आली. १९३२ ते २०२१ या काळात ५० किलोमीटरचे ऑलिम्पिक सुवर्णपदक कोझेन्योफ्स्कीने सलग तीनदा जिंकले. इतर कोणाही खेळाडूला ते दोनदासुद्धा जिंकता आले नाही.