आधीं श्रवण, मग कीर्तन

पुढारी म्हटला म्हणजे तो उत्तम वक्ता असावयाचा, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. सभेंत ज्याचा आवाज खणखणीत, ज्याच्या वाक्यावाक्याला टाळी, तो पुढारी. आणि जो मुकाट्यानें समोर बसतो तो श्रोता, अशी कामाची वांटणी जणूं ठरूनच गेली आहे. आपल्याकडील कीर्तनपरंपरा मात्र याच्या अगदीं उलट सांगते. नवविधा भक्तींत पहिलें स्थान श्रवणाला आहे. कीर्तनाचा क्रम दुसरा. ज्यानें ऐकलें नाहीं त्याला सांगण्याचा अधिकार नाहीं, असा या क्रमाचा अर्थ घेतां येईल. हा नियम केवळ देवळापुरता नाहीं. लोककार्यालाही तो तितकाच लागू पडतो, आणि याचें ठळक उदाहरण म्हणजे १९१७ सालचा चंपारण्याचा लढा.

या कथेचा आरंभ एका महाराष्ट्रीय पुढाऱ्याच्या सल्ल्यापासून करावा लागतो. १९१५ च्या जानेवारींत गांधीजी दक्षिण आफ्रिकेंतून हिंदुस्थानांत परतले, तेव्हां तेथील लढ्यामुळें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें होतें. ते बोलूं लागते तर ऐकणारांचा तोटा नव्हता. परंतु नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं त्यांना निराळाच मार्ग सुचविला: एक वर्षभर देश हिंडून पाहावा, लोकांचें म्हणणें ऐकावें आणि सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊं नये. पुढच्याच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, गोखले निवर्तले. गांधीजींनीं त्यांना दिलेला शब्द मात्र पाळला. ऐकण्याच्या या शिक्षणाची कसोटी दोन वर्षांनीं बिहारांत लागली.

त्या काळचा चंपारण्य जिल्हा नेपाळच्या सीमेला लागून होता. आज त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आहेत. तेथें युरोपियन निळवाल्यांचें मोठें प्रस्थ असे. ‘तीनकठिया’ ही त्यांची पद्धति. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा; त्यांतील तीन कठ्ठे जमिनींत कुळानें मळेवाल्यासाठीं नीळ लावलीच पाहिजे, असें बंधन होतें. १८९७ सालीं जर्मनींतील कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि निळीच्या शेतीचा नफा आटूं लागला. तेव्हां मळेवाल्यांनीं आपला तोटा कुळांच्या माथीं मारला. नीळ लावण्यांतून मोकळीक हवी असेल, तर वाढीव खंड कबूल करा, नाहीं तर ‘तावान’ म्हणून एकरकमी पैसे भरा, असा त्यांचा आग्रह. म्हणजे जें पीक मळेवाल्यालाच नकोसें झालें होतें, त्यांतून सुटण्याची किंमत शेतकऱ्यानें द्यावयाची!

राजकुमार शुक्ल हे या जाचांतून गेलेले एक शेतकरी. १९१६ च्या डिसेंबरांत लखनौ काँग्रेसच्या वेळीं त्यांनीं गांधीजींना गांठलें. चंपारण्य हें नांवही गांधीजींना तेव्हां परिचयाचें नव्हतें. अधिवेशनांत त्यांनींच ठराव मांडावा, अशी शुक्लांची इच्छा होती. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मत देतां येणार नाहीं, असें सांगून गांधीजींनीं ती नाकारली. ठराव ब्रजकिशोर प्रसाद यांनीं मांडला. पण शुक्लांनीं पाठ सोडली नाहीं. ते कानपुरास गेले, अहमदाबादेस आश्रमांत गेले, आणि शेवटीं १९१७ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून गांधीजींना घेऊनच निघाले. या इतिहासांतील पहिला कथेकरी कोणी पुढारी नव्हे; आपली हकीकत पुनःपुन्हां सांगत राहिलेला तो एक चिकाटीचा शेतकरी होय.

मुझफ्फरपुरास गांधीजींना वकील मंडळी भेटली. कुळांचे खटले ते चालवीत, मात्र फीही भरभक्कम घेत. त्यांचें सारें ऐकून घेतल्यावर गांधीजींनीं सांगितलें कीं, रयत जेथें इतकी गांजलेली व भ्यालेली आहे तेथें कोर्टकचेऱ्यांचा उपयोग थोडा; आधीं भीति गेली पाहिजे. वकिलांकडून त्यांना कायद्याचें ज्ञान फारसें नको होतें. तेथील बोली आणि कैथी लिपींतील कागद त्यांना नीट उमगत नसत, म्हणून लेखनिकाचें व दुभाषाचें काम त्यांनीं वकिलांकडे मागितलें. बोलणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या हातीं ऐकण्याची लेखणी आली. त्या मंडळींत राजेंद्रप्रसादही पुढें सामील झाले. हेच पुढें भारताचे पहिले राष्ट्रपति.

शेतकऱ्यांकडे जाण्यापूर्वीं गांधीजींनीं दुसरी बाजूही ऐकावयाची ठरविली. ते मळेवाल्यांच्या संघाच्या चिटणिसांस भेटले, तिरहुत विभागाच्या कमिशनरांसही भेटले. एकानें त्यांना परके ठरविलें, दुसऱ्यानें निघून जाण्यास सांगितलें. पाठोपाठ जिल्हा सोडण्याचा हुकूम आला. तो न पाळल्याबद्दल १८ एप्रिल १९१७ रोजीं मोतीहारीच्या कोर्टांत त्यांनीं शांतपणें गुन्हा कबूल केला. थोड्याच दिवसांत सरकारनें खटला काढून घेतला आणि चौकशीची वाट मोकळी झाली.

यानंतर जें घडलें त्यांत डोळे दिपविणारें असें कांहीं नाहीं. परंतु लढ्याचा खरा गाभा तेथेंच आहे. शेतकऱ्यांच्या झुंडी जबान्या देण्यासाठीं येऊं लागल्या. पांचसात जण दिवसभर लिहीत बसत, तरी संध्याकाळीं कित्येकांना तसेंच परतावें लागे. या लेखनाला एक कडक नियम होता. प्रत्येकाची बारकाईनें उलटतपासणी करावयाची, आणि जो तींत टिकणार नाहीं त्याची जबानी घ्यावयाची नाहीं. यांत वेळ पुष्कळ जाई. पण जें कागदावर उतरे तें सहसा खोडून काढतां येत नसे. सहानुभूतीनें ऐकणें म्हणजे सांगेल तें सारें खरें मानणें नव्हे. दुःखिताला प्रश्न विचारणें हाही त्याचा मान राखण्याचाच एक प्रकार आहे. कारण त्याचें म्हणणें पुढें टिकावें अशी कळकळ त्यामागें असते.

जबान्या चालू असतां गुप्त पोलिस खात्याचा एक अधिकारी तेथें हजर असे. त्याला दूर घालविण्याऐवजीं गांधीजींनीं त्याच्याशीं सौजन्यानें वागावयाचें ठरविलें. याचा परिणाम दुहेरी झाला. पोलिसासमोर बोलतां बोलतां शेतकऱ्यांची भीड चेपली. आणि तोच समोर असल्यामुळें अतिशयोक्तीलाही आपोआप आळा बसला. ज्याच्या नांवानें आजवर कांपरें भरत होतें, त्याच्या देखत आपलें गाऱ्हाणें शब्दांत मांडतां येतें, हा अनुभवच शेतकऱ्याला निराळा माणूस करणारा होता. पुढाऱ्याच्या भाषणानें भीति घटकाभर विसरते. स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या सत्यानें ती ओसरूं लागते.

ऐकलेली कथा जगापुढें कशी ठेवली, हेंही पाहण्यासारखें आहे. गांधीजींनीं प्रमुख वर्तमानपत्रांना कळविलें कीं, बातमीदार पाठवूं नयेत, अवश्य तेवढा मजकूर पाठविला जाईल. काँग्रेसचें नांवही त्यांनीं कोठें पुढें केलें नाहीं. भडक वर्णनांनीं गाजावाजा झाला असता, पण मळेवाले चिडून कुळांचेच हाल वाढण्याचा धोका होता. कथेचा मालक सांगणारा नसून जो ती भोगतो तो आहे, ही जाणीव या संयमामागें दिसते. अखेर १९१७ च्या जून महिन्यांत सर फ्रँक स्लाय यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली. गांधीजी तिचे एक सभासद होते. तावानाच्या रकमेपैकीं चौथा हिस्सा परत करण्याचें ठरलें आणि १९१८ च्या कायद्यानें तीनकठिया संपुष्टांत आली. भरपाई थोडी होती, हें खरें. परंतु मळेवाला घेतलेले पैसे परत करूं शकतो, हें शेतकऱ्यानें प्रथमच पाहिलें.

पुरुषांच्या जबान्या झाल्या, तरी गांवांतील स्त्रियांचें ऐकणार कोण? खेड्यांतून शाळा व स्वच्छतेचें काम सुरू करण्याचें ठरल्यावर बाहेरून कार्यकर्ते आले. त्यांत मुंबईहून अवंतिकाबाई गोखले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आणि बेळगांवचे सोमण अशी महाराष्ट्रीय मंडळी होती. मुलांना हिंदी शिकवावयाचें कसें, ही बायकांना अडचण वाटे. अक्षरज्ञानापेक्षां स्वच्छता आणि रीतभात शिकवावयाची आहे, असा गांधीजींनीं त्यांना धीर दिला. अवंतिकाबाईंची शाळा तर नमुनेदार ठरली. मुंबईस परतल्यावर त्यांनीं १९१८ सालीं गांधीजींचें मराठी चरित्र लिहिलें. त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. आधीं काम, मग कथन, हा क्रम येथेंही सुटला नाहीं.

याच दिवसांतील एक प्रसंग फार बोलका आहे. भितिहरवा गांवाजवळच्या एका वस्तींत बायकांचीं लुगडीं फार मळलेलीं दिसलीं. त्या तीं धूत कां नाहींत, हें विचारण्यास गांधीजींनीं कस्तूरबांना सांगितलें. एका बाईनें कस्तूरबांना झोंपडींत नेलें आणि आंत पेटी नाहीं, कपाट नाहीं, हें दाखविलें. अंगावर आहे तेवढेंच लुगडें. तें धुवावयाचें तर नेसावयाचें काय? आळशीपणाचा जो ठपका बाहेरून सहज ठेवतां आला असता, तो त्या एका उत्तरानें गळून पडला. स्वच्छतेवर शंभर व्याख्यानें देऊन जें कळलें नसतें, तें एक प्रश्न विचारून आणि उत्तराची वाट पाहून कळलें. गांधीजींनीं ही गोष्ट आत्मचरित्रांत नोंदवून ठेवली, म्हणून ती अनाम बाई आजही बोलते आहे.

या यशाला मर्यादा होत्याच. गांधीजींना अहमदाबाद व खेडा येथील लढ्यांकडे वळावें लागलें, कार्यकर्ते आपापल्या गांवीं परतले, आणि शाळांचें काम मनाजोगें पुढें चाललें नाहीं. ऐकणें हें एकदां करून संपणारें काम नव्हे; तें थांबलें कीं जोडलेला धागाही सैल पडूं लागतो, हाही चंपारण्याचाच धडा आहे.

आज बोलण्याचीं साधनें अफाट वाढलीं आहेत. ऐकण्याचें साधन मात्र तेंच जुनें, दोन कान आणि थोडा धीर. गृहसंस्थेचा चिटणीस असो, शाळेची मुख्याध्यापिका असो, कीं घरांतील कर्तें माणूस असो, चार माणसांना बरोबर घेऊन चालावयाचें ज्याच्या वांट्याला येतें, त्याच्यापुढें चंपारण्याची रीत मांडलेली आहे. दोन्ही बाजू ऐकाव्या, ऐकलेलें पारखावें, जरूर तेवढेंच सांगावें, आणि सांगतांना ज्याचें दुःख त्याचेंच तें राहूं द्यावें. असें ज्याला साधतें, त्याच्यामागें लोक येतात. कारण त्याच्या तोंडून त्यांना आपलाच आवाज ऐकूं येतो.