थकीत वीजबिल : मदतीचा हात नोटिशीच्या मुदतीतच हवा

सापगाव (ता. शहापूर) - मुंबईची तहान भागविणाऱ्या भातसेच्या काठी वसलेल्या सापगावात काय किंवा शेजारच्या मुरबाड तालुक्यात काय, हातावर पोट असलेल्या कुटुंबाचे वीजबिल एकदा थकले की व्याज आणि विलंब आकाराने ते फुगत जाते. अशा वेळी नातलग, मंडळे वा विश्वस्त संस्थांची मदत मोलाची ठरते. मात्र ती वेळेत मिळायला हवी.

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक आहे. मदतीची खरी मुदत हीच. बिलाबाबत वाद असल्यास मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यांपैकी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.

देणगीदाराने रोख रक्कम हाती देण्याऐवजी बिलावरील ग्राहक क्रमांकाच्या आधारे महावितरणकडे थेट भरणा करावा आणि पावती कुटुंबाला द्यावी.

कायमस्वरूपी वीज खंडित झालेल्यांसाठी सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ दरम्यान अभय योजना राबविण्यात आली. तीत व्याज व विलंब आकार माफ होता, मूळ थकबाकी मात्र भरावीच लागे. त्यामुळे सवलतीची वाट पाहण्यापेक्षा नोटीस येताच धावून जाणे श्रेयस्कर.